टायमिंग बेल्टचा कौल

आमच्या घरात गाडीचा टायमिंग बेल्ट कधी बदलायचा, हे गावदेवीला विचारून ठरतं.

खरं तर बबन मेस्तरींनी ते आधीच ठरवलं होतं. आमच्या जुन्या डिझेल गाडीचं झाकण काढून त्यांनी आतला दातेरी रबरी पट्टा दाखवला. "भाऊ, ह्याला भेगा पडल्यात. तुटला की इंजिनाचं वाटोळं! आत्ताच बदला."

पण धाकट्या भावाचं, संदीपचं, लग्न चार दिवसांवर आलेलं. नवरदेव कोळवणहून भुकूमला आपल्याच गाडीतून जाणार, असा आमच्या वडिलांचा, आबांचा हट्ट. गाडी खोलली आणि वेळेत जोडून झाली नाही तर?

"चालतीया न्हवं? मग कशाला तिचं प्वाट फाडायचं?" आबा म्हणाले.

"आन् वाटंत तुटला म्हंजी?" आई.

"मग कौल लावू!" हे मी म्हणालो. (मी इंजिनियर आहे. सिव्हिल, पण आहे!)

देवळात गुरवकाकांनी देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. "आई, लग्नाआधी पट्टा बदलावा का?"

उजवं फूल टपकन पडलं! माझ्या अंगावर काटा आला. आजवर तिला विहीर, सोयरीक, हरवलेली म्हैस एवढंच विचारलेलं. देवीला डिझेल इंजिनही कळतं!

"परत इचारा," आबा म्हणाले. "गडबडीत तिला नीट ऐकू आलं नसंल."

परत उजवं!

मग मी पुढे झालो. "काका, 'लग्नानंतर बदलला तर चालेल का?' असं विचारा ना!" आता काहीच पडेना. उकडतंय म्हणून मी पंखा लावला आणि उजवं फूल उडालं. "दिला कौल!" मीच ओरडलो.

लग्नाच्या दिवशी पौडच्या अलीकडच्या चढावर 'फट्ट' असा आवाज झाला आणि गाडी मुकी झाली. एवढासा पट्टा, आणि त्याच्यावर अख्खं इंजिन उभं होतं! मी भर रस्त्यात, गावाकडे तोंड करून हात जोडले.

"दादा, पाया नंतर पड! मुहूर्त चाललाय!" संदीप रडकुंडीला आला.

इतक्यात शेळ्यांनी भरलेला एक पिकअप थांबला. "चढा नवरदेव! पर शेळ्या न्हाई उतरवायचो, बाजार गाठायचाय."

मांडवात संदीप वेळेवर पोचला. गळ्यातला हार मात्र शेळ्यांनी वाटेतच संपवला होता. नवरी इतकी हसली की भटजींना मंगलाष्टकं थांबवावी लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे देवीची माफी मागायला गेलो. आबांनी नवा कौल लावायला सांगितला. "आई, इंजिन नवं बसवतो. पर गाडीचं काय करायचं ते थोरल्याला इचारत जावं का?"

आबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत डावं फूल पडलं. या वेळी 'परत इचारा' असं कुणीच म्हणालं नाही, माझी बायकोसुद्धा!