मधल्या कमानीचा दाखला

सोवनीकाका गेले तेव्हा इथल्या मराठी मंडळाने स्मरणिका काढायचं ठरवलं आणि त्यांच्यावर 'चार चांगले शब्द' लिहायला मला सांगितलं. मी लिहून दिलं ते त्यांनी साभार परत केलं. चांगले शब्द कमी पडले म्हणे. तेच हे, एका अक्षराचाही बदल न करता.

दिनकर सोवनी मूळचे भुसावळचे. रेल्वेत पुलांची तपासणी करण्यात चौतीस वर्षं घालवली, त्यातली शेवटची अठरा लखनऊत. सत्त्याहत्तर साली निवृत्त झाले आणि परत न जाता शहराच्या उत्तरेला, माझ्या तेव्हा रिकाम्या असलेल्या प्लॉटला लागून घर बांधून राहिले. मी वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट घेऊन एका सरकारी संशोधन संस्थेत, पस्तिशीची, एकटी, आणि जिभेने तिखट म्हणून प्रसिद्ध. पद्माकाकू, म्हणजे त्यांची बायको, मला रोज वाटीभर भाजी पाठवायच्या आणि काका रोज वाटीभर अक्कल. मला दोन्हींची गरज होती.

माणूस फटकळ. लग्नाच्या पंगतीत यजमानाला गाठून सांगणार की रायत्यात मीठ जास्त झालंय. खिशात एक छोटी हातोडी असायची. पूल तपासणारा माणूस विटांवर ठोकून ऐकतो. बांधकाम भरीव असलं तर खणखणीत वाजतं, आतून सुटलेलं असलं तर बद्द. माझ्या वास्तुशांतीला काकांनी ठेकेदाराच्या देखत चार भिंती वाजवल्या आणि म्हणाले, "मृणाल, या माणसाने तुला गंडवलंय." ठेकेदार जेवायचा थांबला. काकांनी मात्र तीन पुऱ्या आणखी घेतल्या. चौतीस वर्षांत एकाही रजिस्टरात खोटा शेरा मारला नाही, ही त्यांची एकमेव फुशारकी होती आणि ती खरी होती.

आमच्या वसाहतीपलीकडे नाल्यावर एक जुना पूल होता, 'मेहरू का पुल'. ही मेहरू कोण, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. नवाबी काळातलं काम, बोटभर जाडीच्या लखौरी विटा आणि चुना, तीन कमानी. 'भारी वाहन वर्जित' अशी पाटी लावलेली, त्यामुळे वर फक्त सायकली, रिक्षा आणि म्हशी. काका रोज सकाळी तिथे जायचे आणि मलाही ओढून न्यायचे. विटांच्या सांध्यांत पिंपळाची रोपं रुजतात, ती मुळासकट कशी काढायची हे मी दाखवायचे आणि काका काढायचे.

"तिन्ही कमानींची रुंदी वेगळी आहे, बघितलंस?" ते म्हणायचे. "नकाशा नव्हता गं. गवंड्याने डोळ्याने मापलं आणि दोनशे वर्षं उभा आहे. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या नकाशावरचे पूल मोजले. हा एकटाच माझा." असं बोलल्यावर लगेच लाजायचे आणि माझ्यावर खेकसायचे.

ऐंशीच्या मे महिन्यात विधानसभेची निवडणूक आली. पक्षांची नावं मी लिहीत नाही. पाट्या बदलतात, आतली माणसं तीच राहतात. काकांच्या पक्षाने तिकीट दिलं कैलाशनाथ रस्तोगींना. चौकात त्यांचं चिकनकारीच्या कपड्यांचं दुकान, आणि काकांशी वीस वर्षांची मैत्री. अडुसष्ट साली काकू दोन महिने इस्पितळात होत्या, तेव्हा रस्तोगींच्या घरून दोन्ही वेळचा डबा यायचा, तोही बिनलसणाचा, कारण काकूंना लसूण चालत नव्हता. सत्त्याहत्तरला काका त्यांच्याच पक्षाच्या टेबलावर बसून मतदारांना चिठ्ठ्या लिहून देत होते. तर या रस्तोगींनी पहिल्याच सभेत जाहीर केलं, की रुंद रस्ता आणणार, नवा पूल बांधणार आणि जुना पाडणार.

काका दुसऱ्या दिवशी दुकानात. मी सोबत.

"कैलाशजी, पुल नहीं टूटेगा," काका म्हणाले.

"टूटेगा, सोवनीजी. आपसे झूठ नहीं बोलूँगा," रस्तोगी म्हणाले. "मरीज़ को अस्पताल ले जाने में पाँच मील का चक्कर पड़ता है. लोगों को सड़क चाहिए. बगल में ज़मीन मिल गई तो पुराना बचा लूँगा. मगर वादा नहीं करता."

याच्याइतकं सरळ बोलणं मी कुठल्या उमेदवाराच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं आणि पुढेही ऐकलं नाही. पण काकांना त्यातलं 'टूटेगा' एवढंच ऐकू आलं. समोरचं सरबत तसंच टाकून ते उठले.

समोरच्या पक्षाचे उमेदवार होते वकील इक़बाल बहादुर सक्सेना. पांढराशुभ्र अंगरखा, तोंडात पान आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपण नवाब आहोत असं वाटावं. काका त्यांच्याकडे गेले तर हा गृहस्थ उठून दारापर्यंत आला. "हुज़ूर, वह पुल नहीं, हमारी तहज़ीब है. आपका हुक्म सर-आँखों पर."

या शहरात तोंडावर 'नाही' कुणी म्हणत नाही. इथे 'बिल्कुल' म्हणजे 'बघू' आणि 'बघू' म्हणजे 'विसरा'. भाजीवाल्यापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना हे ठाऊक असतं, त्यामुळे कुणाची फसगत होत नाही. फसतो तो आपला माणूस. त्याला 'हो' म्हटलं की तो 'हो' धरून चालतो. वीस वर्षं इथलं पाणी पिऊनही काका भुसावळचेच राहिले होते.

आठवड्याच्या आत काका सक्सेनांच्या कचेरीत बसू लागले. मराठी मंडळात हाहाकार! "सोवनी बाटले," असं म्हणणाऱ्यांत असे दोन महाभाग होते, ज्यांनी स्वतः दोन्ही पक्षांकडून गणपतीची वर्गणी उकळली होती. मला या मंडळींची किळस तेव्हापासून आहे. पुढे आणखी बऱ्याच जणांची येऊ लागली.

रस्तोगींची माणसं प्रचारात सांगू लागली की पूल धोक्याचा आहे, एक दिवस कोसळेल. लगेच सक्सेनांनी काकांना बोलावलं. "हुज़ूर, आप तो फ़न के उस्ताद हैं. आपके क़लम से दो लाइनें मिल जातीं, तो शहर का मुँह बंद हो जाता."

सकाळी आम्ही दोघं पुलाखाली कोरड्या नाल्यात उतरलो. पहिली कमान खणखणीत वाजली. तिसरीही. मधल्या कमानीच्या माथ्याशी, हातभर पट्ट्यात, आवाज बद्द आला. काकांनी तीनदा ठोकलं. तीनदा बद्द.

"पाणी मुरून चुना सुटलाय," ते म्हणाले. "अजून वाचेल. वरून चुन्याची पातळ लगदी भरायची, जड गाडी फिरकू द्यायची नाही, की झालं."

माझं अक्षर चांगलं म्हणून दाखला मी लिहिला, माझ्या जेवणाच्या टेबलावर. काका सांगत होते: तीनों मेहराबें ठोस हैं, पुल पूरी तरह मज़बूत है. माझं पेन थांबलं.

"काका, मधली?"

"पोकळ लिहिलं तर उद्या पाडतील. आधी वाचू दे. मग मी भरून घेतो. सक्सेनाने शब्द दिलाय."

"पण हा खोटा शेरा झाला."

"लिही," काका म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी लिहिलं, त्यांनी खाली सही ठोकली, आणि चौथ्या दिवशी त्याची पत्रकं घराघरांत पोचली.

मतदानाच्या दिवशी लू भाजून काढत होती. काका सक्सेनांच्या टेबलावर चिठ्ठ्या लिहीत होते. पलीकडच्या टेबलावरून रस्तोगी उठून आले. हातात ते पत्रक. "सोवनीजी, बीच वाली भी ठोस है?"

काकांनी मान वर केली नाही. "लिखा तो है."

"आपने लिखा है तो होगी," रस्तोगी म्हणाले. पत्रकाची घडी घालून खिशात ठेवली आणि परत गेले. त्यांना कळलं होतं, हे मी शपथेवर सांगते. सगळ्या शहराला ओरडून सांगता आलं असतं की हा दाखला खोटा आहे. एक शब्द बोलले नाहीत. थोड्या मतांनी पडले, आणि ती मतं आमच्या भागातली होती.

सक्सेनांनी पूल वाचवला, हे मान्य केलं पाहिजे. कसा वाचवला ते ऐका. चुन्याच्या बांधकामावर सिमेंटचं प्लॅस्टर थापलं. पाणी बाहेर पडायची भोकं त्यात बुजली. वर गुलाबी ऑइलपेंट. कठड्यावर लोखंडी जाळी. तोंडाशी संगमरवरी पाटी, तिच्यावर सक्सेनांचं नाव माझ्या तळहाताएवढ्या अक्षरांत. दोनशे वर्षांच्या म्हाताऱ्या बाईला पावडर-लिपस्टिक फासून बाजारात बसवावं, तसा तो पूल दिसायला लागला. उद्घाटनाला काकांच्या गळ्यात हार घातला. काकांनी तो तिथेच काढून सक्सेनांच्या हातात दिला आणि विचारलं, मधली कमान कधी भरायची?

"बिल्कुल, हुज़ूर, बस इसी हफ़्ते."

काका त्यांच्याकडे त्यानंतर अकरा वेळा गेले. अकरा वेळा चहा, पान आणि 'इसी हफ़्ते'. गरज सरो, वैद्य मरो. मग वीटभट्टीवाल्यांना जवळचा रस्ता हवा झाला आणि 'भारी वाहन वर्जित'ची पाटी एके दिवशी निघाली. आम्ही तक्रार केली, तर कचेरीतल्या बाबूने आमच्यासमोर फाइल उघडून दाखवली. त्यात काकांचाच दाखला. पुल पूरी तरह मज़बूत है. माझं सुंदर अक्षर.

काका रोज सकाळी पुलाच्या तोंडाशी छत्री आडवी धरून उभे राहू लागले. ट्रकवाले हॉर्न वाजवायचे, मग बाजूने निघून जायचे. पोरंबाळं त्यांना 'पुलवाले बाबा' म्हणायची. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. पक्ष गेला, मित्र गेला, आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो पूल डोळ्यांदेखत जायला लागला होता.

एक्क्याऐंशीच्या जूनमध्ये, काकूंना ताप होता म्हणून काका एक दिवस घरी थांबले. त्या दिवशी सकाळी दहाला मलिहाबादहून दसहरीच्या पेट्या भरलेला ट्रक पुलावर आला आणि मधली कमान त्याच्यासकट खाली बसली. आवाज ऐकून आम्ही धावलो. ड्रायव्हर मैकूलाल केबिनमध्ये अडकला होता, पाय स्टिअरिंगखाली चिरडलेला, आणि ओरडत होता. त्याच्याभोवती पिवळे आंबे. आमच्या वसाहतीतली सभ्य, नोकरदार, रोज पूजा करणारी माणसं पिशव्या घेऊन नाल्यात उतरली होती आणि आंबे वेचत होती. चांगले आणि फुटके वेगळे काढत होती! काका आणि दोन रिक्षावाले एवढेच केबिनकडे गेले. संध्याकाळी शेजारीण मला चार दसहरी द्यायला आली. मी दार तिच्या तोंडावर आपटलं.

मैकूलालचा पाय कापावा लागला. महिन्याने चौकशी लागली. एक अधिकारी, एक लेखनिक, सक्सेना, काका, आणि दाखला माझ्या अक्षरात म्हणून मी. मैकूलालचा भाऊ दाराशी उकिडवा बसला होता. काकांनी रेल्वेतला जुना कोट चढवला होता. विचारायच्या आधीच ते उभे राहिले.

"बीच की मेहराब पोली थी. मुझे मालूम था. मैंने झूठा सर्टिफ़िकेट दिया. ड्राइवर का कोई क़सूर नहीं. लिखिए."

लेखनिकाने पेन उचललं. तेवढ्यात सक्सेना हळूच उठले, काकांच्या पाठीवर हात ठेवला, डोळ्यांत पाणी आणलं. "साहब, बुज़ुर्ग हैं. सदमा लगा है. महीनों धूप में छाता लेकर खड़े रहते थे, सारा मोहल्ला जानता है. याददाश्त अब वैसी नहीं रही. इन पर आँच न आए, यही मेरी इल्तिजा है."

अधिकारी माझ्याकडे वळला. "आप पड़ोसी हैं. क्या यह सच है?"

दाखला माझ्या हातचा होता. मी सरकारी नोकर होते. काकांना तुरुंगात जायला लागू नये म्हणून मी तसं बोलले, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. ते साफ खोटं आहे. मी माझ्या नोकरीला घाबरले होते.

"जी," मी म्हटलं. "इधर कुछ भूलने लगे हैं."

लेखनिकाने ते लिहून घेतलं. काकांनी सांगितलेलं लिहिलं नाही. निष्कर्ष निघाला की तज्ज्ञाचा दाखला सद्‌भावनेने दिलेला होता आणि ड्रायव्हरने ट्रक प्रमाणाबाहेर भरला होता. एक पाय गेलेल्या माणसाचं लायसन्सही रद्द केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुंपणावरून हाक मारली, "काका, चहा टाकलाय, येताय ना?"

त्यांनी दोन्ही हात जोडले. किंचित वाकले. "नमस्ते, डॉक्टर साहिबा. बड़ी मेहरबानी आपकी. ज़रूर आऊँगा."

आले नाहीत. त्यानंतर पाच वर्षं ते माझ्याशी हिंदीतच बोलले, मान झुकवून, 'आप' म्हणून. काकूंशी, इतरांशी मराठी, फटकळपणा शाबूत. मला फक्त 'जी' आणि 'बिल्कुल'. त्यांनी एकदा तरी मला शिवी घालावी म्हणून मी मुद्दाम भांडण उकरून काढायचे. "आप बजा फ़रमाती हैं," म्हणजे तुमचं अगदी बरोबर, एवढं म्हणायचे आणि आत जायचे.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात ते अंथरुणाला खिळले. काकू औषध आणायला गेल्या होत्या, मी उशाशी होते. त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "काका, त्या दिवशी मी खोटं बोलले. तुम्हाला सगळं नीट आठवत होतं. मी घाबरले होते, काका."

त्यांनी हात हळूच सोडवून घेतला आणि सक्सेनाच हसावेत तसे हसले.

"अरे नहीं, डॉक्टर साहिबा," ते म्हणाले. "आपने तो बहुत अच्छा किया."