दर्याने परत केलेला नारळ

गुरुदास तांडेलांना नारळाचा मान होता. म्हणजे नारळी पौर्णिमेला सगळी वाडी नारळ घेऊन वाजतगाजत बंदरावर जायची, पण पहिला नारळ दर्यात सोडायचे ते गुरुदासकाका. त्यांच्या आधी त्यांचे वडील, वडिलांच्या आधी आजोबा. नारळ सोडून झाला की काका पाण्याकडे पाठ फिरवायचे आणि फौजदाराने एखाद्याला समज देऊन यावं तसे म्हणायचे, "झालां. आता दर्यो आपलो."

आणि बहुतेक वेळा तो असायचाही. वादळ ही काकांच्या मते खालच्या मुलखाची वस्तू. तरुणपणी गलबतातून मंगलोरी कौलं आणताना त्यांनी तिकडची वादळं पाहिली होती. ती केरळ-कारवारात काय तो धिंगाणा घालतात, मालवणची पायरी चढत नाहीत, हा त्यांचा सिद्धांत. म्हणून ब्याऐंशी साली, दिवाळी तोंडावर असताना, भाईच्या हॉटेलातला रेडिओ जेव्हा सांगू लागला की वादळ गोवा ओलांडून वर सरकतंय, तेव्हा काका मोठ्याने हसले.

"मुंबैत पंख्याखाली बसान ह्येंका आमचो दर्यो दिसता!" आणि दारात घुटमळणाऱ्या आपल्या मुलाला, सत्यवानाला, म्हणाले, "तू जा रे. नारळ घातलेलो आसा."

सत्यवान गेला. सोबत वाडीतल्याच शिवाचा भाचा बाळा. होडी दक्षिणेला, निवती गावाच्या बाजूला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा आला तो जप्तीला आल्यासारखा. भाईच्या हॉटेलचे पत्रे उडून शाळेच्या अंगणात जाऊन बसले, त्यामुळे शाळेला आपसूक सुट्टी. खळ्यातलं कापलेलं भात पाण्यात तरंगायला लागलं. रस्त्यावर माड आडवे, तारा तुटलेल्या, एस्टी बंद. रेडिओ भिजून मुका झाला. आता हसायलाही काही उरलं नाही.

काका घरात ठरेनात. ओटीवर यायचे, बंदरावर जायचे, चिखल तुडवत परत यायचे. काशीबाईंनी पुढे ठेवलेली पेज गार झाली. बंदरावर जाताना पिशवीत एक नारळ असायचा आणि येताना तोच नारळ परत. वाडीला सगळं कळत होतं. दुसरा नारळ घालायची रीत नव्हती. घातला तर त्याचा अर्थ एकच : पौर्णिमेचा नारळ दर्याने घेतलाच नाही, तांडेलांचं आता तिथे कोणी ऐकत नाही. मग मान जाणार शिवाच्या घराण्याकडे. ते घराणं काकांच्या आजोबांपासून त्यावर डोळा ठेवून होतं.

पत्रे गेलेल्या हॉटेलात भाई उरलेले चार खांब राखत बसला होता. "काय काका, दर्यो आपलोच मां? मगे सांगा तेका, माझे पत्रे परत दी म्हणान."

एरवी भाईच्या एका बोलाला काका तीन परत करत. आज ते पिशवी छातीशी धरून पुढे गेले. भाईला स्वतःच्याच थट्टेची लाज वाटली.

घराच्या दारात काशीबाई उभ्या. "नारळ अजून पिशयेतच?"

"अगो, लोक काय म्हणतीत?"

"मान देवन टाका त्या शिवाक! माका माझो झील व्हयो."

काका ओटी न चढताच मागे फिरले.

बंदरावर अर्धी वाडी जमली होती, शिवाही होता. काका गुडघाभर पाण्यात शिरले. हात जोडले. दरवर्षी घडाघडा म्हणायचं गाऱ्हाणं, त्यातलं अक्षर आठवेना. "माझां चुकलां," एवढंच म्हणाले आणि नारळ सोडला. लाटेने तो उचलला आणि त्यांच्याच पायाशी आणून टाकला. पुन्हा सोडला. पुन्हा पायाशी. आता शिवा हसणार, असं वाटून काकांनी चोरून पाहिलं. शिवा हसत नव्हता. त्याचे डोळे निवतीकडे लागले होते. तेवढ्यात भाई चपला काढून पाण्यात आला. त्याने अंगातला सगळा जोर लावून नारळ लांब भिरकावला.

थोड्या वेळाने नारळ परत वाळूत. काकांनी तो पुसून पिशवीत घातला.

रात्रभर ओटीवरचा झोपाळा करकरत होता. पहाटेकडे वारा थांबला, झोपाळा नाही.

दुपारी सत्यवान आणि बाळा चालत आले, पडलेल्या माडांवर चढत-उतरत. होडी निवतीच्या बंदरात सुखरूप बांधली होती. काकांनी मुलाच्या दंडाला धरलं ते सोडेनात.

"बाळान ट्रान्झिस्टर आणललो," सत्यवान म्हणाला. "तेच्यारय वादळाचांच सांगी होते. तुमी सांगलात म्हणान गेलंव, बाबा. रेडिओन सांगल्यान म्हणान फिरलंव."

ओटीच्या कोपऱ्यात तो नारळ होता.

"ह्येचां आता काय करूचां?" भाईने विचारलं. "दर्यान तर घेवक नाय."

काशीबाई कोयता घेऊनच बाहेर आल्या. "दर्यान दिल्यान, तो प्रसाद," म्हणाल्या आणि एका घावात दोन शकलं केली. मासे कुठून असणार? भात आणि त्याच नारळाची सोलकढी. भाच्याला न्यायला आलेला शिवाही पंगतीत बसला. मान मागेल असं काकांना वाटत होतं. त्याने सोलकढीची दुसरी वाटी मागितली.

पुढच्या पौर्णिमेला पहिला नारळ काकांनीच सोडला. पण पाण्याकडे पाठ न करता मागे मागे सरकत आले, आणि वाळूला पाय लागताच म्हणाले,

"भाई, रेडिओ लाव बघूया."