जेसल पार्कमधलं माहेरपण

मी हे लिहितोय याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात अर्जापलीकडे आजवर कुणी काही लिहिलेलं नाही. वडील रिक्षा चालवतात, कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शिवाय ही हकिकत माझी नाही, एका काकूंची आहे. पण त्यांना लिहायला बसू देईल असं कुणी दिसत नाही.

आमच्या मॅडम संशोधन करतात: स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला घरी सांभाळणाऱ्यांच्या मनाचं काय होतं, यावर. आम्ही मुलं घरोघरी जाऊन मुलाखती घ्यायचो. मॅडमचा नियम एकच, सांभाळणाऱ्याशी एकट्यात बोलायचं. वन रूम किचनमध्ये एकट्यात कुठे बोलायचं, हे मात्र मला विचारायचं सुचलं नाही.

काकूंच्या जेसल पार्कमधल्या घरी मी गणपतीच्या आधी गेलो. काकूंनी दार उघडलं तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या गाऊनची बाही मुठीत धरली होती. त्या ती सोडतच नसत. काकू संडासात गेल्या तरी बाहेर उभ्या राहून दार वाजवत.

"ही चोर आहे," सासूबाई मला म्हणाल्या. "माझ्या बांगड्या घेतल्यान."

बाही तशीच मुठीत.

कॉलेजातून कुणी येणार म्हणून काकूंच्या नवऱ्याने जवळच्या बेव्हर्ली पार्कहून बहिणीला बोलावून घेतलं होतं. तिने आईला चांगली साडी नेसवली, गजरा माळला. लेकीला बघून म्हातारी शहाण्यासारखी म्हणाली, "जेवलीस का गं?"

"बघ, माझ्याशी किती छान बोलते!" नणंद म्हणाली. "वहिनी, तुझ्यापाशीच कशी गं वेडी होते?"

मी प्रश्न विचारायला लागलो. झोप लागते का?

"लागते की," नणंद म्हणाली. "आईच्या बाजूलाच तर झोपते."

रडू येतं का?

"कशाला येईल? घरातच तर असते."

तुम्हाला स्वतःसाठी काय करावंसं वाटतं, याला मात्र काकू स्वतःच बोलल्या. "गौरीला गावाला जायचंय. आई एकटी असते तिथे. तिचंही विसरणं सुरू झालंय. मला ओळखतेय तोवर एकदा जाऊन येते."

"गौरीला?" नणंद हसली. "अगं, गौरीला मी माहेरी येते! तूच नसलीस तर माझं माहेरपण कोण करणार? हा कॉलेजवाला?"

मी चाचरत म्हणालो, "ताई, चार दिवस तुम्ही इथे राहिलात तर..."

"बाळा, हे तुझ्या परीक्षेत येणारे का?"

नवरा मोबाइलमधून मान न काढता म्हणाला, "दिवाळीनंतर बघू."

उरलेले प्रश्न विचारायला मी गौरीच्या दिवशी पुन्हा गेलो. नणंद मुलांसकट पंख्याखाली आडवी झाली होती. काकू एका हाताने घावन काढत होत्या, दुसरी बाही सासूबाईंकडे.

"वहिनी, अजून दोन टाक. माहेरी आल्यावरच पोटभर खाणं होतं बघ."

तेवढ्यात काकूंच्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. तो विरारला राहतो, गणपतीपुरता गावी गेला होता. पिठाच्या डब्याला टेकवलेल्या फोनवर काकूंची आई दिसली. तिने लेकीला ओळखलं.

"बसलीस का गाडीत?" आईने विचारलं.

काकूंनी तव्यावर पीठ ओतलं. मग म्हणाल्या, "बसले."

घावन उलटेपर्यंत तिने परत विचारलं. "बसलीस का गाडीत?"

"बसले गं."

"छान थापा मारतेस की," नणंद आतून म्हणाली. मुलं खिदळली. सासूबाईही हसल्या, काय झालं ते न कळता.

माझे प्रश्न तसेच राहिले. काकू म्हणाल्या, "तूही खाऊन जा." मी खाल्लं.

थंडीत मुलाखतींच्या दुसऱ्या फेरीसाठी त्यांच्या घरी फोन केला. तो नवऱ्याने उचलला.

"आई गेली ना दिवाळीत," तो म्हणाला.

मी काकूंबद्दल विचारलं.

"ती गावाला. तेरावं झालं आणि लगेच निघाली. तिच्या आईने ओळखलंच नाही तिला. दारातच विचारलं, बाई, कामाला आलीस का? मग तिला सोडायला गेलेला भाऊ म्हणाला, तुला आता सवय आहे, तूच राहा. आणि तो विरारला निघून आला."