आमिशांच्या घरचं जेवण

वलगावहून निघताना आमचे हे एवढंच म्हणाले, "पोराले इचारून ये. येत नसंल तं वावर ठोक्यानं (खंडानं) देऊन टाकतो." पऱ्हाटी (कपाशी) लागोपाठ हातची गेली होती, आणि यांच्यानं आता वखर धरवत नव्हता.

अमेरिकेत प्रफुल्लनं, माझ्या मुलानं, मला आमिशांची वस्ती दाखवायला नेलं. हे ख्रिस्ती शेतकरी. धर्माचा नेम म्हणून घरात वीज घेत नाहीत, मोटार बाळगत नाहीत. मी कॅमेरा काढला तर प्रफुल्लनं हात धरला. फोटोही चालत नाही. वाटेत कोणाचा तरी जळालेला कोठा (गोठा) अख्खं गाव जमून उभा करत होतं. माझा नुसता जळफळाट! आमच्याकडे धुऱ्यावरून (बांधावरून) डोकी फुटतात. आम्ही कोणाचं घोडं मारलं होतं?

दुपारी सारा नावाच्या आमिश बाईकडे जेवलो. कोंबडी, कुस्करलेले बटाटे, घरचा पाव. तिखटाच्या नावानं बोंब. तिची मोठी मुलं पंगतीला होती, सगळी शेतकरी, सगळी हाकेच्या अंतरावर राहणारी. खरं सांगते, मला त्या बाईचा फार हेवा वाटला.

कोपऱ्यातल्या लहान टेबलावर एक तरुण एकटाच जेवत होता. मला वाटलं, गडी असेल. प्रफुल्लकरवी विचारलं, तर सारा मान खाली घालून म्हणाली, तो माझा धाकटा. बाप्तिस्म्याच्या वेळी नेम पाळायचं वचन दिलं आणि पुढे मोटार घेतली. म्हणून वाळीत. त्याच्या पंगतीला बसायचं नाही, त्याच्या हातून काही घ्यायचं नाही. तेवढ्यात तोच पावाची टोपली घेऊन आला. सारानं हात पुढे केला नाही. त्यानं टोपली टेबलावर ठेवली, मग तिनं उचलली.

परतताना गाडीत मी विचारून टाकलं, "येतं का बाबू, वावर करायले?"

तो म्हणाला, "नाई जमत आई मले. तू बी मले दूर बसवशीन का?"

"काहीबाही बोलू नोको," म्हटलं, आणि खिडकीबाहेर पाहत बसले.

मी आले आणि यांनी वावर ठोक्यानं दिलं. शेजारणींना साराची गोष्ट सांगितली की त्या हळहळतात, बिचारी म्हणतात. बिचारी कसली! तिचा पोरगा वेगळ्या टेबलावर का होईना, तिच्या डोळ्यांसमोर जेवतो.