वाळ्याचे पडदे आणि तीन फ्यूज

सांगलीत आम्ही एका थेटराच्या गच्चीवर राहायचो. खोटं वाटेल, पण अगदी खरं. आमचे हे फौजेतून सुटून आले आणि थेटराच्या मालकांनी त्यांना गार हवेच्या मशीनवर ठेवलं. मशीन गच्चीवर, म्हणून आमची खोलीही गच्चीवर. माझं माहेर-सासर दोन्ही वडूजकडचं, कोरडं ठणठणीत. तिकडं एका घागरीसाठी उन्हातनं पायपीट, आणि इथं पाणी ओतायचं कशावर, तर गवतावर! पहिल्याच दिवशी मी ह्यांना म्हणाले, "आवं, हितली माणसं खुळी हायत का काय?"

मशीन म्हणजे पत्र्याची एक खोलीच होती. तिच्या तीन बाजूंना वाळ्याचे जाड पडदे, त्यांवर वरून पाणी झिरपायचं, आणि आत माणसाच्या उंचीचा पंखा. मोटारीवरनं पट्टा यायचा आणि पंखा फिरायचा. ओल्या वाळ्यातनं ओढलेली हवा पत्र्याच्या बोगद्यातनं खाली लोकांच्या डोक्यावर पडायची. ती कुठून येते हे त्यांच्या गावीही नसायचं.

दुपारच्या खेळाला मी त्या पडद्यांच्या सावलीत गोधडी शिवत बसायची. बोगद्यातनं खालचा सिनेमा वर यायचा, नुसता आवाज. वाळ्याच्या वासानं डोळे जड व्हायचे. कुणीतरी रडायचं, कुणाचं तरी लग्न लागायचं, घोडे दौडत जायचे, आणि नदीकडचा वारा मध्येच ते सगळं उडवून न्यायचा. सुई हातात तशीच राहायची. झोपेत मी आमच्या माळावर असायची आणि माळावर कुठूनसं पाणी ठिबकत असायचं. जाग आली तरी ठिबकणं चालूच. असे किती सिनेमे मी ऐकले, देवाला ठाऊक. एकाही नटीचं तोंड पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या दुःखानं माझे डोळे भरून यायचे. हे हसायचे. "अगं, ती पैसं घिऊन रडती. तू फुकट कशाला रडतीस?"

मशीनची उस्तवार मात्र ह्यांनी करावी! टाकीतलं पाणी बदलायचं, नाहीतर शेवाळ धरून सगळं थेटर घाण वास मारायचं. पट्टा फार ताणला की बेअरिंग बोंबलायचं, ढिला पडला की पट्टा घसरायचा. थंडीत पाणी बंद करून पडदे वाळवायचे आणि नुसती हवा चालवायची. ओल्या अंगानं मोटारीला हात लावायचा नाही, लाकडी फळीवरच उभं राहायचं. विजेचा झटका बसू नये म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात रोज पाणी ओतायचं काम माझ्याकडं होतं. गवताला पाणी घालणाऱ्यांना हसणारी मी, आता खड्ड्याला पाणी घालत होते.

मला भ्या वाटायचं ते त्या पंख्याचं. तोफांपाशी राहून ह्यांचे कान गेले होते, डावा तर पारच. मागनं हाक मारली तर पत्ता लागायचा नाही. आणि पंख्याचा दांड्याचा स्विच होता तीन जिने खाली, तळमजल्यावरच्या जिन्याखाली. हे वर जाळी उघडून आत हात घालणार आणि खाली कुणी दांडा वर केला, तर? म्हणून ह्यांचा एक नेम होता. आधी खाली जायचं, दांडा पाडायचा, चिनी मातीचे तिन्ही पांढरे फ्यूज उपसून खिशात टाकायचे, मगच वर येऊन जाळी उघडायची. "फ्यूज माझ्या खिशात हायत तवर पंखा मेलेला," हे म्हणायचे. खिशातनं त्यांचा खुळखुळाट ऐकू आला की माझा जीव भांड्यात पडायचा.

खंडेनवमीला थेटरात मोठी पूजा असायची. तळमजल्यावर जिन्यासमोर तांदूळ पसरून त्यावर पान्हे, पकडी, ग्रीसचा डबा, अगदी झाडूसुद्धा मांडायचे. त्या वर्षी ह्यांनी सकाळी मशीन बंद करून फ्यूज काढले आणि तेही तांदळावर ठेवले.

"ह्यं कशाला?" मी विचारलं.

"फौजेत आमी रायफलीला कुंकू लावायचो. हितं माझं हत्यार ह्येच की गं!"

मला ते लय आवडलं. मी स्वतः त्या फ्यूजांना हळद-कुंकू लावलं.

पूजा झाली की एकेक मशीन क्षणभर चालवून बघायचं, अशी त्या थेटराची रीत. आधी सिनेमाचं मशीन, मग गार हवेचं. आपल्या मशीनला वेळ आहे म्हणून हे झेंडूचे हार दोन्ही हातांत घेऊन वर गेले, पंख्याला घालायला. मी प्रसाद वाटत होते. सहज मागं वळून पाहिलं, तर तांदळात तीन खळगे! फ्यूज नाहीत.

"फ्यूज कुणी न्हेलं?" मी दारावरच्या माणसाला विचारलं.

"मालकांनी. आज सोताच्या हातानं चालू करणार हायत. सगुन हाय न्हवं, वैनी!"

मी ताट तिथंच टाकलं. वर धावून उपयोग नव्हता, हाक तर मुळीच पोचणार नव्हती. मी जिन्याखाली धावले. मालक हसतमुखानं उभे, फ्यूज बसवलेले, हात दांड्यावर. मी दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं आणि अक्षरशः लोंबकळले. "सोडा! माझा माणूस हाय आत!"

डोक्यावरचा पदर कुठल्या कुठं गेला होता. मालकांनी दांडा सोडला. मी कुंकवासकट फ्यूज उपसले आणि जिने चढत सुटले. हे खांद्यापर्यंत पंख्यात शिरून पंख्याच्या आसाला हार बांधत होते. गुणगुणत होते! मी पाठीला हात लावला तेव्हा वळून म्हणाले, "आलीस? बघ, कसं झ्याक दिसतंय!"

"आग लागू दे तुमच्या झ्याकाला!" मी ओरडले. हे बावचळून गेले. मग मी सगळं सांगितलं.

दसऱ्याला नवा सिनेमा लागला. थेटर भरलं, उकाडा मरणाचा. हे माझ्यापुढं आले. त्या दिवसापासून फ्यूज माझ्या कनवटीला होते.

"दे की."

"जाळी लावली?"

"लावली."

"दोन्ही हात दाखवा."

ह्यांना थट्टा वाटली, पण हात पुढं केले. नखांत ग्रीस, बोटांना झेंडूचा पिवळा रंग. मी ते हातांत धरले. खालनं शिट्ट्या सुरू झाल्या, खुर्च्या आपटायला लागल्या. जिन्यातनं कुणी ओरडलं, "वैनी, पब्लिक पेटलंय!"

"पेटू दे," मी म्हणाले, आणि ह्यांचे हात काही सोडले नाहीत.