चपला काढणारे मास्तर

मास्तर चपला काढायला लागले की मी खिसा चाचपायचो.

देवळाच्या दारात आपण सगळेच चपला काढतो, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. हे भर रस्त्यात काढायचे. फुललेला बहावा दिसला, काढल्या. कुंभाराच्या दारात वाळत घातलेली मडकी दिसली, काढल्या. मग अनवाणी दोन पावलं पुढं जायचे, मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, "आता बघू निवांत."

शाळेत ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेला हा माणूस मी आपण होऊन गळ्यात बांधून घेतला. मी ट्रकवर क्लीनर होतो, तिथून स्वतःच्या जीपपर्यंत आलो. वाटेत सांगितलेला भाव मी कधी कुणाला दिला नाही. नव्वदनंतर कोल्हापुरातून उन्हाळी सहली सुरू केल्या. पन्हाळ्याच्या तटबंदीवर सकाळी चित्रं काढायची, दुपारी झुणका-भाकरी आणि मडक्यातलं दही, दुसऱ्या दिवशी मलकापूरवरून आंबा घाट. पाहुणे पुण्या-मुंबईचे. त्यांना चित्रं शिकवायला मास्तर हवे होते. खाण्यापिण्यासकट सहलीचा एकच दर असायचा, म्हणजे वाटेत काहीही महागलं तर ते माझ्या अंगावर.

आणि मास्तर असताना ते महागणारच. कुंभाराशी माझं जमत आलेलं असायचं. मडकं उलटं करून, बोटानं वाजवून, तोंड वाकडं करून मी "कच्चं वाटतंय" म्हणालेलो असायचो. तेवढ्यात मागून आवाज, "काय गळा उतरलाय! आरं, काय गळा!" वळून बघतो तर चपला बाजूला. मडक्याच्या गळ्याचं कौतुक ऐकून कुंभाराची मान ताठ व्हायची आणि भावही.

"मास्तर, घेतल्यावर करा की कौतुक!"

"घेतल्यावर केलं तर ते आपल्या मालाचं हुतंय. आत्ता त्येचं हाय."

आता सांगा, अशा माणसापुढं डोकं आपटायचं की नाही?

पुढं पुढं त्या रस्त्यावरचे लोक मालाकडं नाही, मास्तरांच्या पायांकडं बघून भाव सांगायला लागले. मग मी डोकं चालवलं. मास्तरांना लेसचे बूट घेऊन दिले. "डोंगरात काटे असतात, मास्तर," म्हणालो. त्यांनी आनंदानं घातले. मलकापूरच्या पुढं एका म्हाताऱ्याच्या परड्यात फणस लगडलेला दिसला. मास्तर दगडावर बसले आणि एकेक गाठ सोडायला लागले. गाठी सुटेपर्यंत म्हाताऱ्याच्या घरातली माणसं बाहेर आली, शेजारी आले. एवढं बूट-मोजे काढून हे पावणं बघणार तरी काय, म्हणून! त्या वर्षी तेवढा महाग फणस कुणी खाल्ला नसेल.

हे सगळं मी सोसलं. एक गोष्ट मात्र मनात राहिली. दोन हजार सालानंतर मी नवी जीप घेतली. हार घालून पहिल्यांदा मास्तरांच्या दारात नेली. त्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, चपला घालूनच. "रंग बरा हाय," म्हणाले आणि पुढच्या सीटवर चढले. चपला खाली टाकून, मांडी घालून, मळके पाय माझ्या कोऱ्या रेक्झिनवर. नंतर कायमच तसे बसले.

एकदा घाटात पाहुण्यांसमोर माझा तोल गेला. "मडक्याला काढता, फणसाला काढता. परवा म्हशीला काढल्यात! मी शून्यातून हे उभं केलं. माझ्या गाडीला एकदा तरी काढल्या का?"

मास्तर करवंद चोखत होते. बी थुंकून म्हणाले, "लई चिडतोस बघ तू."

बस्स. एवढंच. त्या दिवाळीनंतर मास्तर गेले. माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं ते राहिलंच.

पुढच्या मे महिन्यात पाहुणे घेऊन घाटात गेलो. वळणावरच्या जांभळीखाली करवंदं विकणारी मावशी नेहमीच्या जागी होती. तिनं जीपमध्ये डोकावून बघितलं.

"मास्तर न्हाईत आलं?"

मी सांगितलं. ती टोपलीवरचा पाला उगीच सारखा करत राहिली. मग म्हणाली, "आता चपला कोण काढायचं?"

"माझ्या गाडीला तर त्यांनी कधी काढल्या नाहीत," मी म्हणालो. अजून राग होताच.

"आवं, असं काय बोलताय? गाडीत कुठं असायच्या त्येंच्या पायात चपला? हिथवर मांडी घालूनच यायचं की."

"सीट घाण करायचे," मी म्हणालो, आणि वळून जीपच्या पुढच्या रिकाम्या सीटकडं बघितलं. मग तोंडानं सांगायला काय झालं होतं या माणसाला? एवढी वर्षं शेजारी बसून एक शब्द नाही!

पाहुणे दरीकडं गेले होते. मावशीनं पानाचा द्रोण भरून माझ्यापुढं धरला. करवंदं मी हजार वेळा विकत घेतली असतील, पण कधी नीट बघितली नव्हती. काळी, टपोरी, देठाशी पांढरा चीक सुकलेला. बराच वेळ बघत राहिलो. मग सवयीनं म्हणालो, "यंदा बारीक आहेत मावशी. भाव कमी कर."

ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, माझ्या पायांकडं बघत.

"मालक, आदी चपला घाला. मग भाव करा."