वस्तरा न फेकणारा न्हावी

मंडळी, आज कोल्हापुरात आमच्या वाचनकट्ट्यावर एका मुलीनं जुन्या गाजलेल्या कादंबरीतला विधवेच्या केशवपनाचा प्रसंग न्हाव्याच्या तोंडून लिहून वाचला. तिचा न्हावी वस्तरा फेकून निघून जातो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात उठले नाहीत.

माझे वडील न्हावी होते. पन्नास सालच्या सुमारास त्यांनाही एका घरी याच कामाला मागच्या दारानं बोलावलं होतं. ते काम करून घरी आले.

मला आई नव्हती, माझी वेणी तेच घालायचे. मी फणी घेऊन पुढ्यात बसले.

"आज नगं, बाळ. ह्या हातानं न्हाय."

त्यानंतर माझी वेणी कायम शेजारच्या मावशींनी घातली.

गोष्टीत वस्तरा फेकल्यानं मन हलकं कुणाचं झालं? माझ्या वडिलांचं, की तुमचं?